आक्कांचे पाच फॉरवर्ड

"सर्व ग्रामस्थांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आपल्या संघाच्या पाचही फॉरवर्डांना समोरच्या संघाचा गोल सापडत नाहीये. गोल मैदानाच्या पूर्वेला, सकाळी होता तिथंच आहे. वाटेत कुणाला हे फॉरवर्ड भेटले, तर कृपया त्यांना रस्ता दाखवावा."

ही सूचना मी, मंडप आणि स्पीकरचा धंदा करणारा एक जबाबदार माणूस, माणच्या हॉकी मैदानावर भर सामन्यात वाचून दाखवली. मजकूर माझा नव्हता. तो आक्कांचा होता. त्या माझ्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांनी पदर नाकाला लावला होता.

पदराचं आधी सांगतो. चेंडू आपल्या बचावफळीकडे असला की आक्का ताठ बसत आणि "हां, आस्सं!" म्हणत मान हलवत. तो पुढे फॉरवर्डांकडे गेला रे गेला, की पदर नाकावर. शेजारून कचऱ्याची गाडी चालली असावी तसा. मग पदराआडून मला विचारत, "स्पीकरवाले, ग्येला का बॉल त्येंच्याकडनं? ग्येला की सांगा. वकारी येतीया बघून."

त्यांचं चुकत नव्हतं. वाचकहो, ती फळी तुम्ही पाहिली असतीत तर तुम्हीही रुमाल शोधला असतात. मैदानाच्या पूर्वेला, गोलच्या मागून, नव्या सोसायट्यांचं सांडपाणी वाहून नेणारा नाला जातो. आमच्या फॉरवर्डांनी मारलेला प्रत्येक चेंडू गोल सोडून त्या नाल्यात जाई. नाल्याला मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही. चेंडू परत यायचा तेव्हा काळा, गुळगुळीत आणि असा वासाचा, की समोरचे बचावपटू त्याला स्टिक न लावता मागे सरत. एवढी मोकळी वाट मिळूनही आमचे तिथे जात नसत. त्यांनाही वास यायचा.

मैदान आक्कांचंच. एके काळी भाताचं खाचर. भोवतालच्या सगळ्या खाचरांत टॉवर उगवले, हे एक तेवढं राहिलं. घराच्या वर आक्कांनी नऊ खोल्या काढून भाड्याने दिल्या होत्या. गावातले बाकीचे मालक भाडेकरूला लग्न झालंय का, मटण शिजवतोस का, असलं विचारतात. आक्का एकच विचारत, "हॉकी खेळतूस का?" तेव्हा कंपनीच्या कॅबचे ड्रायव्हर, हॉटेलातले आचारी, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी पोरं आणि गावातले चारजण मिळून आमचा संघ होता.

हा संघ साखळी सामन्यांतून दरवर्षी पुढे जायचा, कारण आमच्यावर गोल होत नसे. आमचा झालाच तर समोरच्याच्या पायाला लागून. पुढे बाद फेरी आली की तिथे अशी कृपा कुणी करत नाही. सात वर्षं आम्ही बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बाहेर पडलो, आणि या सात वर्षांत तिथे आमच्या नावावर एकही गोल नव्हता.

आक्कांच्या मुलाने हे बरोबर हेरलं. देवळापुढे चार माणसं बसलेली असताना तो म्हणाला, "आई, सात वर्सं एक गोल न्हाई. कशापायी ठेवायचं ते रान? बिल्डर दारात हुबा हाय."

"औंदा मारत्याल," आक्का म्हणाल्या.

"आन् न्हाई मारला तर?"

"तर सही करते. सगळ्यांम्होरं सांगते."

झालं! बाद फेरीत एक गोल, नाहीतर मैदान बिल्डरला. आक्का फॉरवर्ड शोधायला लागल्या.

एक खोली रिकामी होती. ती एका नवराबायकोला देण्याचं ठरलं होतं. त्या दोघांना आक्कांनी शेजारच्या मालकाकडे पिटाळलं, कारण दारात झारखंडचा एक उंच, काटक मुलगा बॅग घेऊन उभा होता. मी तिथे वायर मागायला गेलो होतो, म्हणून हा संवाद स्वतः ऐकला.

"हाकी खेलता?"

"हां मौसी. जिले तक खेला हूं."

"बास. सामान आन."

तिकडची माणसं हॉकी खेळतात म्हणजे गोलच मारत असणार, अशी त्यांची खात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीच्या कठड्यावर दोन जाड पांढऱ्या वस्तू उन्हाला टाकलेल्या दिसल्या.

"ह्या गाद्या कुनाच्या रं?"

"पॅड हैं मौसी. गोली हूं ना मैं."

आक्का पायरीवरच बसल्या. आमच्याकडे आधीच दोन गोली, म्हणजे गोलकीपर, होते. "तिसरा!" त्या म्हणाल्या. "आदीचे दोन काय लोनच्याला घातल्यात? आता एक हिकडं हुबा करा, एक तिकडं, आन् एक मधी निजू दे!"

पण खोली त्यांनी काढून घेतली नाही. रोज सकाळी त्याला चहा देत आणि चहाबरोबर शिव्या. "गोली हाय, पन खातो बगा फॉरवर्डावानी." तो मान खाली घालून हसायचा. त्याचं सगळं मराठी त्या चहावर झालं.

बाद फेरीचा सामना आला. त्या पोराने समोरच्यांचे इतके फटके अडवले की मला ओरडून ओरडून घोट घोट पाणी प्यावं लागलं. शून्य-शून्य. शेवटची दोन मिनिटं. आमचा सेंटर फॉरवर्ड चेंडू घेऊन डीमध्ये, गोलपुढच्या अर्धवर्तुळात, घुसला. समोरचा गोली घसरून पडला. गोल मोकळा, गोठ्याच्या दारासारखा सताड उघडा! चेंडू फॉरवर्डाकडे असताना आक्कांनी पहिल्यांदाच पदर खाली घेतला.

त्या गृहस्थाने गोलकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. आणि पास दिला. डावीकडे कोपऱ्यातल्या झेंड्याशिवाय कोणी नव्हतं.

मग शूटआऊट: दोन्हीकडच्या पाच-पाच जणांनी एकेकट्याने जायचं आणि आठ सेकंदांत गोलीला चकवायचं. आमचा पहिला फटका खांबाला, दुसरा नाल्यात, तिसरा नाल्यात. चौथ्याचा वेळ संपला. पाचव्याची स्टिक हातातून सुटून गोलात गेली, चेंडू बाहेर राहिला. आमच्या पोराने चार अडवले, पाचवा पायांमधून निसटला. संपलं. मी माइक बंद केला.

आक्का मुलापाशी गेल्या. "सांग बिल्डरला. करते सही." मुलगा जिंकला होता, पण त्याला आईच्या डोळ्याला डोळा देता येईना.

मी वायरी गुंडाळत होतो. आक्का परत येऊन खुर्चीत बसल्या.

"म्या राइट-इन व्हते," त्या म्हणाल्या.

राइट-इन म्हणजे उजवीकडचा फॉरवर्ड. आक्का आणि फॉरवर्ड? मला कळेना. त्या सांगू लागल्या. शाळेत खडकीकडचे एक मास्तर आले होते. त्यांनी मुलींना बांबूच्या काठ्या देऊन हॉकी शिकवली. एकदा दुसऱ्या शाळेशी सामना झाला.

"मोकळा गोल व्हता म्होरं. ह्याच्यावानीच. मला वाटलं, येवढं मोठं काम आपल्याकडनं कसं व्हईल? शेजारच्या पोरीला दिला. ती पडली."

"मग?"

"मग काय? लगीन."

त्यांनी नाल्याकडे मान वळवली. "पन्नास वर्सं झाली, स्पीकरवाले. ही पोरं बगितली की मला त्येंची न्हाई, माझीच शिसारी येती."

सहीचा दिवस ठरला. त्याच्या आधल्या आठवड्यात आक्का दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत.

दशक्रियेला मुळेच्या काठी माझाच स्पीकर होता. प्रवचन झालं, पुढाऱ्यांची श्रद्धांजली झाली. पिंड ठेवला. कावळे विजेच्या तारेवर ओळीने बसले आणि एकही हलेना. मुलाने हात जोडले. नातवंडांना नीट सांभाळीन म्हणाला, काही नाही. देवाला जाऊन येईन म्हणाला, काही नाही. लोक घड्याळं बघू लागले. शेवटी तो गुडघ्यांवर बसला आणि रडतच म्हणाला, "आई, मैदान विकत न्हाई. बिल्डरला आजच सांगतो."

एक कावळा उतरला. उड्या मारत पिंडापासून हातभर अंतरावर आला. समोर बघितलं. मग डावीकडे बघितलं. आणि मागे सरकला. ही चाल मी सात वर्षं बघत आलोय.

तेवढ्यात भाडेकरूंच्या घोळक्यातून तो झारखंडचा पोरगा गर्दी सारत पुढे आला. माझा माइक मध्येच उभा होता, आणि चालू होता. पुढचं वाक्य त्यामुळे नदीपलीकडच्या शिवारातही ऐकू गेलं, आणि त्याच वाक्याला कावळा शिवला:

"आक्का, म्या खोली सोडतो, फॉरवर्डला द्या!"