घाडीकाकांचं दुकान नकाशावर

दुपारी ऑफिसात मीटिंग चालू असताना मोबाइलवर घाडीकाकांचा नंबर दिसला. काका कामाच्या वेळेत कधी फोन करत नसत. आधी ‘बोलू काय?’ असा मेसेज टाकत. बाहेर येऊन फोन घेतला तर पलीकडे काकू होत्या. “अगं, काका गेले… सकाळी छातीत कळ आली, आणि हॉस्पिटलपर्यंतसुद्धा…” याला आता दीड महिना होईल.

काका भांडुपच्या आमच्या चाळीतले शेजारी. शिलाई मशीन दुरुस्त करायचे. स्टेशनजवळचं त्यांचं दुकान रिडेव्हलपमेंटमध्ये गेलं आणि पर्यायी गाळा मिळाला तो पिठाच्या गिरणीमागे, आतल्या गल्लीत. जुनी गिऱ्हाइकं जुन्या जागी यायची, पत्रे ठोकलेले बघायची आणि ‘म्हातारा गावाला गेला वाटतं’ म्हणत परत फिरायची. इकडे काका तेलाचा डबा पुसत दिवसभर वाट बघत बसलेले. मी अंधेरीला छोट्या धंद्यांच्या ऑनलाइन जाहिराती करणाऱ्या कंपनीत आहे. मला ते बघवेना. एका रविवारी म्हटलं, “काका, मी तुम्हाला नकाशावर टाकते.”

“मी काय हरवलंय काय गो?”

“तुम्ही नाही, दुकान हरवलंय.”

यावर मात्र त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला. मग दुकानाचा फोटो, वेळ, रस्ता सगळं मोबाइलच्या नकाशावर चढलं. एक साधी वेबसाइट केली. चौकशीच्या मेसेजना काका स्वतः उत्तर द्यायचे, एका बोटाने, पत्र लिहावं तसं. ‘सप्रेम नमस्कार’पासून सुरुवात! मी हसायचे. पण लोक फोटो दाखवत, रस्ता विचारत येऊ लागले.

पुढे मीच सुचवलं की छोटे व्हिडिओ करू. काकू मोबाइल धरायच्या, काका मशीन उघडायचे, मी घरी बसून कापाकापी करायचे. माझ्या डोक्यात जाहिरात होती. काका मात्र खालचा धागा का गुंततो, सुई उलटी बसली तर कशी ओळखायची, असं सगळं फुकट सांगून मोकळे. “काका, घरीच जमलं तर दुकानात कोण येणार? धंद्याची वाट लागेल!” मी चिडून म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, “सुई फिरवण्यासाठी कुणी बाई मशीन डोक्यावर घेऊन आली, तर माका बरा नाय वाटत.”

मग एके दिवशी मुलुंडच्या एका बाईने दुकानाच्या पानावर पाचपैकी एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, ‘दिलेल्या दिवशी मशीन मिळालं नाही. मुलीच्या शाळेच्या नाचाचे कपडे शिवायचे राहिले. विचारलं तर ओरडले.’ मी घाबरले. आमच्या धंद्यात यावर उपाय असतो. ओळखीच्यांकडून दहा-बारा चांगले अभिप्राय लिहून घ्यायचे की वाईट आपोआप खाली जातो. तसं काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा लावून तो मजकूर दोनदा वाचला. “ती खोटा बोलता काय? नाय ना? मग? ओरडलंय मी.” त्या दिवशी गुडघा ठणकत होता, हे त्यांनी मला सांगितलं, पण पानावर लिहिलं नाही. तिथे लिहिलं, ‘सप्रेम नमस्कार. चूक माझी आहे. ताई, माफ करा.’ आणि दुरुस्त केलेलं मशीन रिक्षात घालून स्वतः मुलुंडला गेले. ते कपडे तिथेच बसून शिवून दिले. नाच दुसऱ्या दिवशी होता. बाईंनी तो तारा पुसायची तयारी दाखवली, तर म्हणाले, “राहू द्या. झालं ते झालं.”

मी दुसऱ्यांच्या दुकानांसाठी गोड शब्द लिहून पगार घेते. त्या तीन ओळींसारखं मला अजून एकदाही लिहिता आलेलं नाही…

गेल्या रविवारी काकूंकडे गेले. नकाशावर दुकान ‘कायमचं बंद’ असं करायचं होतं, ते माझ्या हातून झालं. काकू बघत होत्या. मग म्हणाल्या, “व्हिडिओ राहतील ना?” राहतील म्हटलं. त्या जरा घुटमळल्या. “प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ते माझ्याशी काहीतरी बोलायचे बघ. मी मोबाइल बंद करायच्या आधी. ते तू कापायचीस. ते कुठे जातं गं?”

घरी येऊन जुना लॅपटॉप उघडला. मूळ चित्रीकरण मी पुसलं नव्हतं, नशीब. काल ते सगळे तुकडे मोबाइलवर घेऊन काकूंकडे गेले. मशीन बंद होतं, काकांचे तेलकट हात फडक्याला पुसले जातात आणि चेहरा न दिसता आवाज येतो, “दमलंस काय गो? हात दुखलो असतलो. बस जरा.”

काकूंनी उभ्यानेच तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा आवाज आला, तेव्हा त्या मोबाइल दोन्ही हातांत धरून हळूच खाली बसल्या.