वरखर्चे आण्णा

कुणी काहीही विकत घेतल्याचं सांगितलं, की आण्णा किंमत ऐकून घेत, मान डोलावत आणि विचारत, "बरं, आणि वर किती?" सांगलीत आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. पुतणीच्या लग्नात त्यांनी बँडवाल्यालाही हाच प्रश्न टाकला. "वर काय न्हाई, पोरांचं जेवण तेवढं," असं तो म्हणाल्यावर "पोरं किती?" म्हणून त्याला कोपऱ्यात घेऊन गेले. वरात तेवढा वेळ उन्हात उभी. गल्लीनं त्यांचं खरं आडनाव केव्हाच टाकून दिलं होतं. पोस्टमनसुद्धा वरखर्चे आण्णा म्हणूनच हाक मारी.

हा प्रश्न त्यांना एका फियाटनं शिकवला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका बँकेनं जप्त केलेल्या गाड्यांचा लिलाव होता. आण्णांचा जन्म हळदीच्या सौद्यात गेलेला. तिथं हमाली, तोलाई, सगळं विकणाऱ्याच्या हिशेबपट्टीतून कापलं जातं. घेणाऱ्यानं बोललेला भाव दिला की तो मोकळा. गाडीचंही तसंच असणार, असं त्यांनी खुशाल धरलं आणि ऐटीत बोली जिंकली. मग एकेक निघू लागलं. विक्रीकर, मागच्या मालकानं थकवलेला रोड टॅक्स, आवाराचं भाडं, नाव बदलायची फी, एजंटाचं चहापाणी. बॉनेट उघडलं तर आत बॅटरी नाही. गाडी क्रेननं दारात आली आणि पैसे संपल्यामुळे तिथंच राहिली. काकू तिच्या टपावर सांडगे वाळवत. "टप चांगला तापतो हो," असं त्या आल्यागेल्याला मुद्दाम सांगत, आणि आण्णा पेपरात डोकं घालत.

दुसरा एखादा लिलावाचं नाव काढायचा बंद झाला असता. आण्णा मात्र लिलावाला जाऊ लागले, दुसऱ्यांसाठी. कुणीही बोलावलं की सुट्टी टाकून, डबा घेऊन निघत. एसटीचं तिकीटसुद्धा स्वतःचं काढत. आवारात पोचल्यावर आधी कारकुनाला गाठून सगळ्या अटी मोठ्यानं वाचायला लावत. दलाल त्यांच्यावर चिडत. "बोलीला गाडी मिळत न्हाई, गड्या," आण्णा आपल्या माणसाला सांगत, "बोलीला नुसतं तिला हात लावायला मिळतं." त्यांच्यामुळे बरीच माणसं बुडता बुडता वाचली. मला हा माणूस मनापासून आवडायचा.

माझा थोरला भाऊ वसंता तेव्हा आटपाडी-म्हसवड रस्त्यावर दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होता. गाडीत माणसं कोंबून वडाप करायचं आणि दिवसाची कमाई मालकाच्या हातात ठेवायची, याला तो विटला होता. स्वतःची जीप हे एकच त्याच्या डोक्यात होतं. साताऱ्यात एका सरकारी खात्याच्या जुन्या जीपा लिलावात निघणार असं कळलं, तेव्हा आईनं पाटल्या मोडल्या. "आण्णांना संगं ने," एवढीच तिची अट होती. मीही गेलो.

जीप चांगली होती. वसंतानं ती चालू करून इंजिनाचा आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा फुलला. बोली चढत गेली. शेवटी म्हसवडचा एक जण आणि वसंता, दोघंच उरले. म्हसवडकरानं आकडा वाढवला. वसंतानं हात वर न्यायला आणि आण्णांनी त्याचं मनगट धरायला एकच गाठ पडली. "बास. वरचं धरलं तर मोडशील तू." वसंतानं त्यांच्याकडे पाहिलं, मग जीपकडे. तोवर हातोडा पडला.

वरखर्च आण्णा म्हणाले तसा भरपूर आला. हे त्या म्हसवडकरानंच पुढे शिव्या देत सांगितलं. पण त्यानं तो भरला, जीप रस्त्यावर आणली, आणि त्या एका जीपच्या जिवावर आणखी जीपा घेतल्या. आमच्याकडचे पैसे बहिणीच्या लग्नात गेले. वसंता लोणंदला एका कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. तो आण्णांना वाईट काही बोलला नाही. सुट्टीला आला की त्यांच्या दारावरून न थांबता जाई, एवढंच. आण्णांनी लिलावाला जाणं सोडलं.

दशक संपता संपता आण्णांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "वसंताला सांग, तवा मी हिशेब केलाच न्हाई. नुसता भ्यालो." मी ते वसंताला कळवलं. पुढच्या रविवारी तो सकाळच्या गाडीनं सांगलीत उतरला आणि थेट त्यांच्याकडे गेला. मी मागोमाग.

आण्णांनी त्याला ओळखलं. त्यांना बोलायला जड जात होतं. वसंता खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "आवं आण्णा, मीबी भ्यालोच हुतो त्या दिशी. तुमी मनगट धरलं, म्हणून बरं झालं." आण्णांनी डोळे मिटले आणि त्यांना झोप लागली. काकू म्हणाल्या, किती दिवसांनी अशी झोप लागली यांना.

बाहेर चपला घालताना मी वसंताला विचारलं, "खरंच भ्याला हुतास?"

"न्हाई रं," तो म्हणाला. "आजून एक बोली लावणारच हुतो मी."