शुक्रीनं बुजवलेली जाळी

उद्या सकाळी शुक्री तिच्या घरातला बॉयलर पेटवेल, आणि त्याआधी तिनं खोलीची शेवटची फट बुजवलेली असेल. दुपारपासून मला दुसरं काही सुचत नाही.

आज चारोटीला तिचा मुलगा उमेश भेटला. तिथल्या एका हॉटेलात तो कामाला आहे. त्याची बायको कमळी चार दिवसांपूर्वी बाळंत झाली, मुलगा झाला, उद्या दोघं दवाखान्यातून घरी येणार. हॉटेलनं काढून टाकलेला पाणी तापवायचा लहान पेलेट बॉयलर त्यानं घरी नेऊन बाळंतिणीच्या खोलीतच बसवलाय. घर म्हणजे तलासरीच्या डोंगराकडचा पाडा, नवं सिमेंटचं घरकुल.

"आईच चालवणार. तुमच्याकडं शिकलीय ना!" तो म्हणाला. मग हसायला लागला. "पण काकी, बाळंतिणीची खोली तिनं डबा करून टाकलीय. चिंध्या, गोणपाट, वरून चिखल. मी म्हटलं, आई, डासाला तरी यायला जागा ठेव. तर म्हणते, नरपडला एक फट राहिली होती, तिथून ते आत आलं. या वेळी नाय ठेवणार."

मीही हसले. बाळाला बघायला येईन म्हणाले आणि गाडीत बसले.

'ते' काय होतं हे शुक्रीला माहीत नाही. मला माहीत आहे. दोन वर्षं झाली.

शुक्री आमच्याकडे आली २०१४ साली. आम्ही नरपडच्या घरामागे चिकूच्या फोडी वाळवायची खोली बांधली होती. ती गरम ठेवायला वापीहून जुना बॉयलर आणला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या त्यात जळायच्या, त्यांना सगळे पेलेटच म्हणत. शुक्री फोडी करायला आलेल्या बायकांपैकी एक. विधवा, चाळिशी ओलांडलेली, उंच, बोलायला कमी. पहिल्या आठवड्यात बॉयलर तीनदा विझला. चौथ्यांदा विझला तेव्हा ती हातातला चाकू खाली ठेवून उठली, पोत्यातली एक कांडी काढून मोडली आणि म्हणाली, "मोडताना वाजली नाय. ओल धरलीय हिनं." आत पाहिलं तर खरंच, ओली पेलेटं फुगून आत ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये लापशीसारखी घट्ट बसली होती. त्या दिवसापासून बॉयलर तिचा झाला.

लिहायला-वाचायला येत नसताना ती जे शिकली ते माझ्या बी.एस्सी.ला जमलं नाही. पोती जमिनीवर टेकू द्यायची नाहीत, खाली फळ्या. सकाळी यंत्र पूर्ण गार असताना जळायच्या भांड्यातले खडे खरवडायचे आणि तळाची भोकं तारेनं मोकळी करायची. पेटतं असताना दार उघडणाऱ्याचा हात ती सरळ झटकायची, मग तो मालकाचा का असेना. एकदा यंत्र पेटलं नाही म्हणून ह्यांनी पुन्हा पुन्हा बटण दाबलं. ती धावत आली, बटण बंद केलं आणि भांड्यात साठलेली पेलेटं उपसून काढली. "एवढं पोटात ठेवून काडी लावता दादा? भडका तोंडावर आला असता." राख ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून दोन दिवस उघड्यावर ठेवायची. मी एकदा विचारलं, गारच तर आहे, मग कशाला? "राख मेल्याचं सोंग करते, ताई."

यंत्राचं तिला सगळं ठाऊक होतं. भिंतीचं नव्हतं.

बॉयलरच्या खोलीच्या मागच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, दोन विटांएवढी जाळी होती. यंत्र बसवणाऱ्या वापीच्या कारागिरानं जाताना मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बेन, आ जाळी क्यारेय बंध नहि करवानी." ही जाळी कधीच बंद करायची नाही, आगीला हवा तिथून मिळते. ती बंद झाली तर धूर उलटा फिरेल, आणि त्यातला जो विषारी वायू असतो त्याला ना वास, ना रंग. मी मान डोलावली. नंतर हे कुणाला सांगायचं राहूनच गेलं. जाळी उघडीच होती, मग सांगायचं काय?

२०१७च्या जानेवारीत माझी लेक शितल बाळंतपणाला आली. त्या वर्षी थंडी बोचरी होती. तिची खोली बॉयलरच्या खोलीला लागून, मध्ये एक जुनं दार, ऊब यावी म्हणून उघडंच ठेवलेलं. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून मी माझी एक जुनी सुती साडी फाडून शुक्रीच्या हातात दिली. म्हटलं, "एकही फट राहता कामा नये."

बाळाला घेऊन दवाखान्यातून आल्यावर पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी शितल म्हणाली, "आई, दाराशी कोण उभं आहे?"

"शुक्री असेल."

शुक्री माझ्याबरोबर स्वयंपाकघरात होती. 

शितलचं डोकं ठणकत होतं. बाहेर ओटीवर उन्हात बसली की थांबायचं, खोलीत गेली की पुन्हा. आणि ती बाई पुन्हा. "तिला चेहरा नाही, आई. पण ती माझ्याकडेच बघते." मांजर उंबऱ्यापर्यंत यायचं, आत बघायचं आणि पाठ न वळवता मागे मागे जायचं. बाळ मात्र शांत. दुधालाही उठवावं लागायचं. माझी जाऊ सरिता कौतुकानं म्हणाली, "किती गुणी! आवाज म्हणून नाही हो." चौथ्या दिवशी मी शितलजवळ बसले असताना मला कुणीतरी लहानपणीच्या नावानं हाक मारली. अगदी कानाशी. मला भीतीही वाटली नाही. नुसतं तिथंच आडवं व्हावंसं वाटलं.

त्याच दिवशी शुक्री म्हणाली, "ताई, आग आळसावलीय."

बॉयलरची काच काळी पडली होती. एरवी पांढरट, तडतडीत असणारी ज्योत पिवळी, लांब, डुलणारी झाली होती. "घुसमटतेय ती," शुक्री म्हणाली. यंत्र बंद करून तिनं भोकं मोकळी केली, पंखा पुसला, बॉयलरचं दार घट्ट बसवणारी कडेची दोरी तपासली, धुराड्यातली काजळी झाडली. पाचव्या दिवशी पुन्हा पेटवलं. ज्योत पिवळीच. बराच वेळ ती काचेसमोर उकिडवी बसून राहिली. "यंत्राला काय झालेलं नाय," ती हळूच म्हणाली. "दुसरंच काय तरी हाय."

तिच्या पाठीमागे चार हातांवर माझ्या साडीनं बुजवलेली जाळी होती. मी दारात उभी होते. मला दिसली नाही, असं मी स्वतःला सांगत आले आहे.

त्या दुपारी मालिशचं तेल घेऊन ती शितलच्या खोलीत गेली. मी तिथेच खुर्चीवर होते. मला एवढंच आठवतं, की शुक्रीनं एका काखेत बाळ घेतलं आणि दुसऱ्या हातानं शितलला दंडाला धरून ओढत नेलं, आणि मग परत येऊन मला. अंगणात चिकूखाली बाळाला मांडीवर घेऊन ती तळवे चोळत होती, गालांवर थापट्या मारत होती. बाळाचे गाल गुलाबी होते. ते रडत नव्हतं. ती चोळत राहिली. कितीतरी वेळानं ते रडलं.

डहाणूच्या डॉक्टरांनी विचारलं, "खोलीत शेगडी होती का?" मी म्हटलं, नाही. तेव्हा मला सगळं समजलं होतं.

घरी येऊन मी जाळीतली साडी उपसून काढली. नीट घडी करून, अंगठ्यानं कोपऱ्याकोपऱ्यात दाबून बसवली होती. बाहेर अंगणात सरिता सगळ्यांसमोर बोलत होती. "हिच्याच मागून आलं ते घरात. पाड्यावरून घेऊन आली." शुक्री विहिरीशी उभी होती. मला बघून ती जवळ आली.

"ताई, कुठं तरी फट राहिली माझ्याकडनं."

मी बोलले असते, तर साडी कुणाची हे निघालं असतं. फटी बुजवायला कुणी सांगितलं हेही निघालं असतं. आणि जाळीचं माहीत असलेली घरात एकटी कोण होती, तेही. मी म्हटलं, "काही दिवस येऊ नकोस, शुक्री."

ती पुन्हा आली नाही. जाळी उघडी राहिली, ज्योत पांढरी झाली, शितलचं डोकं दुखायचं थांबलं. सगळे म्हणाले, शुक्री गेली आणि ते तिच्याबरोबर गेलं. मी तेही ऐकून घेतलं. शितलचं बाळ आता दोन वर्षांचं आहे, घरभर पळतं.

आणि तिकडे पाड्यावर शुक्री दोन वर्षं एकच गोष्ट मनाशी घट्ट धरून बसलीय. फट राहिली म्हणून ते आलं. म्हणून ती आता चिखल लिंपतेय. तिच्या नातवासाठी. सकाळी बॉयलर पेटेल, दुपारपर्यंत ज्योत पिवळी पडेल, आणि शुक्री ते ओळखेलही. मग काय करील? आणखी एखादी फट राहिली का ते शोधील.

उमेशला फोन करून 'आईला म्हणावं, भिंतीत भोक ठेव' असं सांगता येईल, असा विचार दहा वेळा करून झाला. पण ती ऐकणार नाही. का ऐकावं? तिनं डोळ्यांनी पाहिलंय. चिखल काढायला तिला एकच कारण पुरेल, आणि ते माझ्याजवळ आहे. ते कुणाच्या हाती निरोपानं पाठवता येत नाही.

पावणेबारा झालेत. ती झोपली असेल. उठवायला हवं. सकाळी ती अंधारात उठते, आणि सकाळी मी पुन्हा मागे हटेन, हे मला माझं माहीत आहे. तिचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे, 'शुक्री बॉयलर' नावानं. उचलल्यावर कमळीची, बाळाची चौकशी नंतर. आधी हे: शुक्री, कुठलीही फट राहिली नव्हती. जाळी बुजली होती, साडी माझी होती, आणि तुला ते मीच करायला लावलं.

लावते.