सव्वाअकराचं ऊन

माझं काम रक्त तपासायचं आहे. नळीत जे सापडेल तेवढंच रिपोर्टवर जातं. 'असं वाटतंय' हे लिहायला आमच्या फॉर्मवर रकानाच नसतो. आधीच कबूल करते, की या ग्रुपवर येणारे बरेचसे गूढ अनुभव मी आजवर हसत हसत वाचलेत. आमचं घर बौद्ध. अंगारे, उतारे, नवस वडिलांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. लहानपणी मी एका चिंचेखालून जायला घाबरायचे, तर त्यांनी मला हाताला धरून तिन्हीसांजेला दहा मिनिटं तिथेच उभं केलं होतं. "काय दिसलं?" म्हणाले. काहीच दिसलं नव्हतं. "मग चल घरी."

त्या माणसाची मी मुलगी. ते आज असते तर हे लिहायला बसलेच नसते, थेट त्यांनाच विचारलं असतं.

मी एकोणचाळीस वर्षांची आहे. कर्वेनगरमध्ये एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. एकटीच. घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली, आई सोलापूरला भावाकडे असते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी कायमची नाईट ड्यूटी मागून घेतली आहे. लोकांना त्याचं नवल वाटतं. पण रिकाम्या घरात रात्री झोपण्यापेक्षा दिवसा झोपणं सोपं जातं... बाहेर भाजीवाला ओरडत असतो, कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत असतो. आपण जगातच आहोत असं वाटतं.

सकाळी पावणेनऊला घरी येते. आंघोळ, चहा-पोळी, आणि पावणेदहाला झोप. बेडरूमला दोन पदरी जाड निळे पडदे लावलेत. भर दुपारीसुद्धा उशाची पाण्याची बाटली चाचपडत शोधावी लागते.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. मला झोपेतून जाग आली आणि अंग हललं नाही.

म्हणजे डोळे उघडे, डोकं लख्ख जागं, पण मानेखाली मी नव्हतेच. बोट हलवून पाहिलं, हललं नाही. ओरडायचा प्रयत्न केला, तर जीभ तोंडात नुसती पडून होती. श्वास चालू होता, पण तो मी घेत नव्हते. या प्रकाराला स्लीप पॅरालिसिस म्हणतात हे मला माहीत होतं. मी स्वतःला बजावलं — दोन मिनिटं थांब, जाईल.

बऱ्याच जणांना त्या वेळी छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. माझं उलटं झालं. मला कुणीतरी निघून गेल्याचं ऐकू आलं. दार ओढून घेतल्याचा, लॅच लागल्याचा आवाज... मग जिन्यावरून उतरत जाणाऱ्या चपला. आणि त्यामागून असं काही मनात भरून आलं की अजून सांगता येत नाही. आता कुणी येणार नाही. आपण आहोत हे कुणाच्या लक्षातच नाही. एकटं राहण्याची मला सवय आहे हो, त्यातले सगळे दिवस मी पाहिलेत. पण हे माझं नव्हतं. दुसऱ्याचा स्वेटर चुकून अंगात घातला की कसं लगेच कळतं, तसं कळत होतं.

मग ऊन आलं. डाव्या डोळ्यावर, थेट. डोळा चुरचुरायला लागला, पाणी वाहून कानात जायला लागलं, पण पापणी मिटेना आणि मान वळेना. वर पाहिलं तर छतावर ओलीचा मोठा डाग होता. मध्ये पिवळट, कडेला तपकिरी, आणि त्यातून रंगाचा एक पापुद्रा बोटभर लोंबत होता. पंख्याच्या वाऱ्यावर तो थरथरत होता. किती वेळ मी त्या पापुद्र्याकडे बघत होते, देव जाणे — म्हणजे, कुणास ठाऊक.

अचानक हात हलला. ताडकन उठून बसले. खोलीत मिट्ट काळोख. दिवा लावला. छत पांढरंशुभ्र. मोबाईलवर अकरा पंचवीस.

मग हे आठवड्यातून तीन-चारदा व्हायला लागलं. दर वेळी तेच — लॅच, चपला, ऊन, डाग. मी वहीत नोंदी ठेवल्या, सवयच आहे. वेळ सव्वाअकरा ते साडेअकरा. हॉलमध्ये सोफ्यावर झोपले तर होत नसे. रविवारी कधीच झालं नाही, आणि का ते कळेना, कारण माझी सुट्टी बुधवारी असते, रविवारी मी रोजच्यासारखीच झोपलेली असते.

आमच्याच हॉस्पिटलमधल्या एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नाईट करता ना? मेंदू आधी उठतो, अंग मागून उठतं. मधल्या वेळात स्वप्न डोळ्यांसमोर चालू राहतं. घाबरू नका, कुशीवर झोपत जा."

"पण दर वेळी एकच स्वप्न?"

"तुम्हाला आता त्याचीच धास्ती बसली असेल. म्हणून तेच येतं."

पटलं मला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एकटी राहतेस म्हणून होतंय."

"आई, हे शरीराचं आहे. मनाचं नाही."

"मी कुठं मनाचं म्हणतेय? शरीरच एकटं राहतंय ना तिथं?"

यावर मी विषय बदलला.

जानेवारीत एका दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे गोगटे काका. सत्तरीच्या पुढचे, उंच, इस्त्रीचा शर्ट. दोन वर्षांत आमचं जिन्यात मान हलवण्यापलीकडे काही बोलणं नव्हतं.

"अहो मॅडम, तुमच्याकडे पाणी नळातून येतं ना?"

मी म्हटलं, "हो. का?"

"नाही, आमच्याकडे छतातून येतं. म्हटलं नवीन स्कीम आहे की काय, विचारून घ्यावं. दिवाळीपासून वाट पाहिली. पाणीच आहे, कंटाळून थांबेल. पण चिवट दिसतंय. खाली येऊन एकदा बघणार का?"

मी ओशाळून त्यांच्यामागून खाली गेले. त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. हॉल ओलांडून ते मला बेडरूममध्ये घेऊन गेले. ही खोली बरोबर माझ्या बेडरूमच्या खाली. भिंतीला लागून एक हॉस्पिटलचा पलंग होता आणि त्यावर काकू. मला इतकंच माहीत होतं की त्या आजारी असतात. ऑगस्टमध्ये त्यांना पॅरालिसिसचा झटका आला होता. तोंड डावीकडे ओघळलेलं, हातपाय गेलेले, वाचा गेलेली. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची.

"हिला आधी हॉलमध्ये ठेवलं होतं," काका म्हणाले. "लोकांची ये-जा नको म्हणून दिवाळीनंतर इथे आणलं. हां, ते बघा वर."

मी वर पाहिलं.

मध्ये पिवळट, कडेला तपकिरी. पापुद्रा बोटभर लोंबत होता, पंख्याच्या वाऱ्याने थरथरत होता.

मी पलंगाची कड धरली. काका गळतीबद्दल काहीतरी बोलत होते, प्लंबरचं नाव सांगत होते, माझं लक्षच नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. डावा डोळा लाल झालेला, कडेला चिकट पाणी.

"डोळ्याला काय झालंय?" मी विचारलं.

"ती पापणी नीट मिटत नाही तिची. दीड-दोन महिने सारखं पाणी येतंय. तीन प्रकारचे ड्रॉप्स झाले, फरक शून्य."

"काका... तुम्ही सकाळी बाहेर जाता का? अकराच्या पुढे?"

"वाचनालयात जातो, येताना दूध. मदतीची बाई अकराला जाते, ती गेली की मी निघतो, तासाभरात येतो. रविवारी वाचनालय बंद, तेव्हा घरीच." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "का हो? चौकशी कसली?"

मी खिडकीकडे पाहिलं. पडद्याचे वरचे दोन हूक निघाले होते आणि तिथे कापड खाली पडून हातभर फट राहिली होती.

"त्या फटीतून काकूंच्या डोळ्यावर ऊन येतं," मी म्हटलं. "सव्वाअकराला. त्यांना मान वळवता येत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. "वाटलं तसं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी हे उत्तर कुणाला तरी दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी झोपलेच नाही. अकराला खाली गेले. काका वाचनालयात गेले नव्हते, खुर्ची ओढून बसले होते. आम्ही दोघं थांबलो. उन्हाची पट्टी आधी चादरीवर होती. मग ती उशीवर सरकली. अकरा वीसला काकूंच्या गालावर आली आणि तिथून डोळ्यात. पापणी नुसती फडफडली. डोळ्यातून पाणी निघून कानाकडे गेलं.

काका उठले आणि स्वतः उन्हात आडवे उभे राहिले. माझ्याकडे पाठ होती त्यांची.

"मी रोज हिला सांगून जायचो," शेवटी म्हणाले. "आलोच हं, म्हणून. आणि दार ओढून घ्यायचो."

मला तो लॅचचा आवाज आठवला. मग मी त्यांना सगळं सांगितलं. वहीसुद्धा वरून आणून दाखवली. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येणार. त्यांनी एकेक पान नीट वाचलं, वही मिटली आणि म्हणाले, "पलंग उचलायला हात लावता का?"

आम्ही पलंग फिरवून समोरच्या भिंतीला लावला. संध्याकाळी पडद्याला हूक लागले. आठवड्यात माझं बेडरूमलगतचं बाथरूम दुरुस्त झालं, मग त्यांचं छत खरवडून रंगवलं गेलं. काकूंचा डोळा दहा-बारा दिवसांत निवळला. आणि माझा तो प्रकार पलंग फिरवला त्या दिवसापासून बंद झाला. एकदाही नाही. मी वही मार्चपर्यंत चालू ठेवली होती — सगळी पानं कोरी.

काकांनी वाचनालयाची वेळ बदलली. मी ड्यूटीवरून आले की ते बाहेर पडायचे आणि मी तासभर काकूंजवळ बसायचे. चहा तिथेच प्यायचे. रात्री लॅबमध्ये कोण काय बोललं, कुणाचं सॅम्पल हरवलं, असलं काहीबाही सांगायचे. त्या ऐकायच्या. कंटाळा आला की दोन बोटांनी चादरीवर टकटक करायच्या, मग मी गप्प बसायचे. लग्नानंतर आणि घटस्फोटानंतरसुद्धा माझं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं, हे आता लिहिताना जाणवतंय.

एप्रिलमध्ये त्यांचा मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. तिथे रोज घरी येणाऱ्या थेरपिस्ट आहेत, दोन माणसं हाताशी आहेत. योग्यच होतं ते. अँब्युलन्स गेली आणि मी वर येऊन झोपले. छान झोप लागली. उठले तेव्हा खाली कुलूप होतं.

सप्टेंबरमध्ये काकांचा फोन आला. "ही थोडं थोडं बोलते आता. मला दोन शिव्या दिल्या परवा, म्हणजे प्रगती आहे. या एकदा."

सुट्टी काढून गेले. काकू खुर्चीत बसल्या होत्या, उशांचा टेकू देऊन. मला पाहून त्यांचा चेहरा उजव्या बाजूने हसला. काका चहा करायला आत गेले, तेव्हा मी खुर्ची जवळ घेतली. आठ महिने जो प्रश्न मनात घेऊन फिरत होते, तो विचारायचाच होता. आणि खरं सांगते, उत्तरही मी ठरवूनच आले होते.

"काकू, तेव्हा थंडीत... तुम्ही मला हाक मारत होता का? मनातल्या मनात?"

त्यांनी खूप वेळ विचार केला. मग मान हलवली. नाही.

मला वाटलं त्यांना कळलं नसेल. म्हणून पुन्हा, सावकाश विचारलं. "वर मी झोपलेली असायचे ना. मला हाक मारली होती?"

त्यांचे ओठ जुळवाजुळव करत राहिले. मी वाट पाहिली. मग एकेक शब्द आला.

"हाक... कुणाला... मारणार?"

एवढंच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी त्यांची ती दोन बोटं हातात धरून बसले. काका चहा घेऊन आले, म्हणाले, "काय गप्पा चालल्यात?" मी उठून त्यांच्या हातातले कप घेतले.

संध्याकाळच्या बसने पुण्याला परत आले. वाटेत सगळा वेळ हाच हिशोब जुळवत होते, अजूनही जुळवते आहे. लॅचचा आवाज खालून वर आला असेल, हे मान्य. चपलांचाही. पण तो डाग मी कधी पाहिला नव्हता, ते ऊन माझ्या खोलीत येतच नव्हतं. आणि ज्या बाईने हाक मारणंच सोडून दिलं होतं, तिचं मला ऐकू कसं आलं? डॉक्टरांना पुन्हा विचारलं, ते म्हणाले, योगायोग. असेल. तुमच्यापैकी कुणाला याहून बरं उत्तर माहीत असेल तर जरूर लिहा. माझ्याकडे नाही.