नवा स्लॉट येईपर्यंत

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी वालचंदनगरच्या आमच्या कॉलनीत संगणकातलं सगळं कळणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे मी. माझ्याकडे संगणक नव्हता, एवढीच काय ती उणीव. पण पुण्याहून येणारं संगणकाचं मासिक मी जाहिरातींसकट पाठ करायचो आणि कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत न विचारणाऱ्यांनाही सल्ले द्यायचो.

बायको सांगवीची, ऊसवाल्या घरातली. तिनं रोज एसटीनं बारामतीला जाऊन डीटीपीचा कोर्स केला होता, म्हणजे संगणकावर मराठी मजकूर जुळवून छपाईची पानं तयार करायची. मशीन घरी घ्यायचं, लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल करायचे, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘अक्षरजुळणी’ असं छापून पुढं जुळवणाऱ्याचं नाव टाकतात. तिथं टाकायचं धंद्याचं नावसुद्धा तिनं वहीच्या मागच्या पानावर दहा तऱ्हांनी लिहून बघितलं होतं. पैसे बाजूला टाकलेले होते. राहता राहिलं पुण्याला जाऊन मशीन आणणं. ते काम अर्थातच तज्ज्ञाकडे होतं.

दुकानदारानं माझ्या चार प्रश्नांतच माणूस ओळखला. आवाज खाली आणून म्हणाला, “साहेब, तुमच्यासारख्यांनी आत्ता घेऊ नये. एजीपी येतंय. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या कार्डाला खास वेगळा स्लॉट. आज जुन्या स्लॉटचं मशीन घेतलंत की अडकलात.” इतक्या विश्वासानं माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. मी छाती फुगवून रिकाम्या हातानं परत आलो.

घरी टेबल पुसून तयार होतं. मशीनवर घालायला तिनं फुलाफुलांचं कव्हरही शिवून ठेवलं होतं.

“कुठं हाय?” तिनं विचारलं.

मी तिला खाली बसवून स्लॉट म्हणजे कार्ड बसवायची मशीनच्या आतली खाच, हे समजावलं. नव्या स्लॉटमुळं शर्यतीच्या गाड्या पडद्यावर कशा झरझर पळतील, तेही सांगितलं.

“पत्रिकेत गाड्या कुठं पळत्यात?” ती म्हणाली.

हा प्रश्न मी तिच्या अज्ञानात जमा केला.

दिवाळीला सांगवीला गेलो, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, विषय काढला. “पाव्हणं, उद्या नवं बेणं निघणार म्हणून आमी आज रान पडीक ठिवत न्हाय. हाय ते लावायचं. त्याचा खोडवा घ्यायचा. खोडवा मोडला, की मग नवं बेणं बघायचं.” खोडवा म्हणजे ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून येणारं पुढचं पीक. एजीपी आणि खोडवा! मी समजूतदारपणे हसलो. शेतीचं वेगळं असतं, असं म्हणून आणखी एक करंजी घेतली.

एजीपी आलं. बातमी वाचून मला वैयक्तिक यश मिळाल्यासारखं वाटलं. लगेच पुणं गाठलं, तर दुकानदार म्हणाला, “आलं, पण हे पहिलं. दुप्पट वेगाचं येऊ द्या.” दुप्पट आलं, तेव्हा चौपटीची चर्चा मासिकात सुरू झाली होती. आता इतकं थांबल्यावर दुप्पटीत समाधान मानणं मला कमीपणाचं वाटलं. टेबलावरच्या कव्हराखाली दरम्यान तिनं पापडांचे डबे ठेवले.

मग एक दिवस ती इंदापूरच्या एका छापखान्यात कामाला जाऊ लागली. तिथलं मशीन मी मुद्दाम जाऊन पाहिलं. त्यात एजीपी सोडा, त्याच्या आधीच्याही आधीच्या जमान्यातलं कार्ड होतं. पान वर सरकवलं, की अक्षरं एकेक ओळ करत सावकाश उमटायची. मला तिची कीव आली. तसं मी तिला एसटीच्या थांब्यापर्यंत चालताना बोलूनही दाखवलं. ती थांब्यावर गाडी येते का ते बघत राहिली.

शेवटी चौपट वेगाचं मशीन मी आणलंच. डबे हलवले, सगळं जोडलं आणि संध्याकाळी ती यायच्या वेळेला पडदा चालू करून बसलो. ती आली, हातपाय धुतले, मशीनकडे बघितलं.

“चांगलं हाय,” ती म्हणाली. मग पिशवीतून लासुर्ण्याच्या एका लग्नाची पत्रिका काढून तिनं माझ्या हातात दिली. तळाशी बारीक अक्षरांत अक्षरजुळणी, आणि पुढं वहीच्या मागच्या पानावरचं ते नाव.

छापखान्याच्या मालकानं नवं मशीन घेतलं, तेव्हा तिनं पगारातून साठवलेल्या पैशांत तिथलं जुनं विकत घेतलं होतं. इंदापूरच्या स्टँडजवळ एका दुकानातला कोपरा भाड्यानं घेऊन पंधरा दिवस झाले होते.

“मला बोलली नाहीस?” मी विचारलं.

“तुमाला विचारलं असतं, तर तुमी थांबच म्हणला असता.”

हे ती रागानं बोलली असती, तर मला भांडता आलं असतं. पण तिनं ते बसची वेळ सांगावी तसं सांगितलं आणि कुकर लावायला आत गेली. मला लाज वाटली. तोपर्यंत तिनं मला विचारायचं कधी सोडलं, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पत्रिका मी पुन्हा वाचली. एकही अक्षर हललेलं नव्हतं. ती टेबलावर ठेवली, आणि करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून मशीनबरोबर मिळालेला शर्यतीचा खेळ लावला. गाड्या खरंच झरझर पळत होत्या.