जीभबाई आणि माझी जांभळं

करोनाच्या आदल्या वर्षी, मी सत्तरीला टेकलेलो असताना, एका बाईनं मला भर दवाखान्यात जीभ बाहेर काढायला लावली. आमच्या गावात, चामटोलीत, माझ्यासमोर तोंड वर करून बोलायची कोणाची टाप नव्हती, आणि ही बाई सगळ्यांसमोर बोलत होती, "अजून थोडी बाहेर, आजोबा."

अंबरनाथ पूर्वेला तिचा पोरांचा दवाखाना होता. पाटीवरचं नाव कोणी घेत नसे, सगळे जीभबाई म्हणायचे. पोराला खोकला असो नाहीतर खरूज, आधी जीभ. पोरगं हट्टाला पेटलं की बाई स्वतःचीच जीभ काढून दाखवायची. पोरगं हसायचं, की हिचं काम झालं. "माणूस खोटं सांगतो," ती बोलायची, "जिभेला ते जमत नाही."

आम्ही गेलो होतो माझ्या नातीला, चिमीला घेऊन. वय सात. सुनेचं म्हणणं, पोरीचे ओठ निळे दिसतात आणि चार पावलं चालली की धाप लागते. माझं म्हणणं, जांभळाचे दिवस आहेत, पोरगी जांभळं खाते. माझी स्वतःची दोन झाडं आहेत. बदलापूरच्या बाजारात माझी पाटी उतरली की बाकीच्यांनी घरी जावं. "आमच्या जांभळाचा रंग आठ दिवस जात नाय," मी बाईला छाती काढून सांगितलं. आणि धाप कसली, पोरगी आळशी, सारखी आडवी. तसं घरात सगळेच म्हणायचे.

बाईनं चिमीच्या बोटाला तो चिमटा लावला, रक्तातली हवा मोजतात तो. आकडा फारच कमी आला, तिनं चिमटा काढून पुन्हा लावला. मी बोललो, "सेल उतरला असेल." तिनं तोच चिमटा माझ्या बोटाला लावला. "तुमच्यासाठी बरा चढला सेल." मग माझी जीभ बघितली. सकाळीच ओंजळभर जांभळं हाणली होती, रंग पक्का बसलेला.

"पैज लावता, आजोबा? उद्यापर्यंत दोघांनी एक जांभूळ खायचं नाही. उद्या दोन्ही जिभा घेऊन या. हिची साफ झाली तर मी तुमच्या झाडाखाली येऊन माफी मागते. नाही झाली, तर पुढे मी सांगेन ते ऐकायचं."

पैजेला मी नाय बोललोय असं आजवर झालेलं नाही.

संध्याकाळी मी चिमीची जीभ लिंबू-मिठानं घासली. "आबा, ही चीटिंग आहे," चिमी बोलली. "साफसफाई आहे," मी बोललो. दुसऱ्या दिवशी बाईनं दोन्ही जिभा उजेडात बघितल्या. माझी गुलाबी. चिमीची निळी ती निळीच, वर सोलवटलेली. "हिला लिंबू कोणी लावलं?" बाईनं विचारलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. इंग्रजीत होतं, तरी वाचलं.

हरलो म्हणून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जावं लागलं. तिथं हृदय तपासलं. भोक नाही, झडपा ठीक. मी परत येऊन बाईला सुनावलं, "हृदय ठणठणीत निघालं." बाई बोलली, "छान झालं. मग पोरगी निळी का?" तिनं चिमीला बाकावर झोपवून चिमटा लावला, मग उभं करून लावला. झोपली की आकडा चढायचा, उभी राहिली की उतरायचा. "पोरगी आळशी नाही, आजोबा. आडवी झाली की तिला बरं वाटतं, म्हणून पडून असते. दुखणं फुप्फुसात असणार."

बाईच्या चिठ्ठीवर पुन्हा मुंबई. या खेपेला चिमीच्या हाताच्या शिरेतून मिठाचं पाणी घुसळून, बारीक बुडबुड्यांसकट सोडलं. बुडबुडे फुप्फुसाच्या चाळणीत अडकायला पाहिजेत. ते चाळण चुकवून हृदयाच्या डाव्या बाजूला निघाले. फुप्फुसात एक जाणारी आणि एक येणारी रक्तवाहिनी जन्मापासून थेट जोडलेली होती. तिथलं रक्त हवा न घेताच माघारी यायचं. बाईनं मला कागदावर भाताचं खाचर काढून दाखवलं. "पाणी खाचरात न शिरता उंदराच्या बिळातून पळतंय."

"उंदराच्या नाय, खेकड्याच्या."

"खेकड्याच्या. पण ते बुजवायला हवं. नाहीतर एखादी गुठळी त्याच वाटेनं मेंदूत जाईल."

मांडीच्या शिरेतून तार घालून बुजवणार म्हटल्यावर मी अडून बसलो. माझा मुलगा माझ्या शब्दाबाहेर नाही, त्यामुळे सगळंच अडलं. "पैज हृदयाची होती," मी बोललो, "फुप्फुसाची नाय."

"पैज ऐकण्याची होती. शब्द फिरवायचा तर चिमीच्या तोंडावर फिरवा."

चिमी माझ्याकडेच बघत होती. मी विचारलं, "कधी जायचंय?"

बीळ बुजलं. महिन्याभरात पोरगी ओढ्यापलीकडे उंडारायला लागली, आता तिला झोपवायला काठी घ्यावी लागते.

पण बाईचं समाधान होईना. हे दुखणं कधी कधी घराण्यातून येतं म्हणे. "घरात कोणाचा घोळणा फुटतो?" तिनं विचारलं. सुनेनं सरळ माझ्याकडे बोट केलं. नाकातून रक्त मला लहानपणापासून येतं. "उष्णता आहे," मी बोललो. बाई बोलली, "तपासणीची सुरुवात तुमच्यापासून करू. मग मुलगा, मग धाकटा नातू." मी बोललो, "माझं नाक माझं आहे." मुलगा बोलला, आबा तपासायला गेले तर मीही जाईन. त्यानंतर चिमीच्या प्रत्येक भेटीला बाई नाकाचं काढायची आणि मी उडवून लावायचो. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी बाईनं दवाखाना बंद केला. गुडघे गेले होते, नाशिकला बहिणीकडे निघाली होती. मी भेटायला गेलो तेव्हा खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. उत्तर मी वाटेतच तयार करून ठेवलं होतं. पण तिनं चहा पाजला, चिमीच्या शाळेची चौकशी केली, आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आली. शेवटी मीच बोललो, "नाकाचं विचारलं नाय ते?"

"तुम्ही ऐकणार नाही, आजोबा. आणि पुढच्या वेळी विचारायला मी नसेन. राहू दे."

माझ्याशी भांडणं सोडून दिलेलं असं एकच माणूस मी बघितलं. घरी आल्यावर सुनेला माझ्या शर्टाला इस्त्री करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, मुलाला आणि धाकट्या नातवाला उठवलं, त्यांना घेऊन मुंबई गाठली, आणि म्हातारा आहे, पुढे जाऊ द्या, असं सांगत त्या मोठ्या इस्पितळाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो.