थुंक्यासाठी नाकतोडे

बारामतीच्या एसटी वर्कशॉपात कुंडलिकराव सोनवणे यांची सगळी नोकरी पत्रा ठोकण्यात गेली. गाडीचा पत्रा फाटला, खिडकीची काच खुळखुळायला लागली, टप गळायला लागला की गाडी त्यांच्यापुढे उभी राहायची. गाडीत 'थुंकू नये' अशी पाटी असते, तसल्या पाट्याही त्यांनी ढिगानं ठोकल्या. आता अशा माणसाच्या घरात म्हातारपणी थुंकणारा मासा यावा, याला काय म्हणायचं?

मासे आणले होते त्यांच्या मुलानं, सिद्धूनं. पुण्याच्या कंपनीचं काम तो घरूनच करायचा, तेव्हा हौसेनं हॉलमध्ये काचेची मोठी टाकी मांडली आणि दोन आर्चर मासे सोडले. पुढं कंपनीनं त्याला कॅनडाला धाडलं. बायको-मुलीला घेऊन निघताना तो म्हणाला, "पप्पा, मासे दुकानात देऊन टाका. तो परत घेईल." कुंडलिकराव म्हणाले, "देतो." आदल्याच हिवाळ्यात त्यांची बायको तुळसाबाई गेली होती. देण्याघेण्याचं त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

पिशवीत मासे धरायला ते टाकीवर वाकले, तर त्यातल्या एकानं तोंड पाण्याबाहेर काढून अशी पिचकारी मारली की चष्म्याची काच भिजली. कुंडलिकराव तसेच वाकून राहिले. मासा खालून टक लावून बघत होता. तुळसाबाई गेल्यापासून त्यांच्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी पाहिलंच नव्हतं. मासे दुकानात गेले नाहीत.

लोक म्हणायचे, कुंडलिकराव सुखी माणूस. पेन्शन चालू, घर स्वतःचं, पोरगं परदेशात. बोलणाऱ्याचं काय जातं! ते घर खायला उठायचं. दुपार झाली की कुंडलिकराव उठून एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. कुठं जायचं म्हणून नव्हे, गाड्यांची नावं पुकारतात ती ऐकायला. वर्कशॉपातल्या नव्या पोरांना ते ओळखू येत नव्हते. एखादी गाडी खडखडत गेली की यांना कळायचं कुठला पत्रा सुटलाय, पण सांगायचं कुणाला?

आर्चर मासा तसा चमत्कारिकच. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किडा बसला की हा खालून नेम धरून पाण्याची धार मारतो, किडा टपकन पडला की गिळतो. दुकानातलं कोरडं खाणं तो खातो, पण सरकारी दवाखान्यातल्या पेशंटनं खिचडी खावी तसं. कुंडलिकरावांना ते बघवेना. त्यांनी बाभळीची डहाळी टाकीत आडवी अडकवली आणि तिच्यावर एक रातकिडा ठेवला. रातकिड्यानं उडी मारली ती थेट सोफ्यावर. असे पुष्कळ रातकिडे घरात पसार झाले. टाकीवर झाकण म्हणून काचेचा अर्धाच तुकडा होता. एका संध्याकाळी कुंडलिकराव स्टँडवरून परतले, तर टाकीत एकच मासा. दुसरा किड्यामागं उसळला असणार. तो सोफ्यामागं फरशीवर पडला होता, वाळून गेलेला.

कुंडलिकराव तिथंच फरशीवर बसले आणि रडले. आपण घरी असतो तर पडल्याचा आवाज तरी ऐकला असता, हेच त्यांच्या डोक्यातून जाईना. तुळसाबाई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. तेव्हा घरात माणसं होती, कुणाला चहा, कुणाला सतरंजी, रडायला सवड कुठली? ते सगळं त्या बोटभर माशावर निघालं.

मग त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. टाकीवर नुसतं झाकण नाही, एक बंद खोलीच बांधायची असं त्यांनी ठरवलं. म्हणजे किडा बाहेर जायचा नाही आणि मासाही. पाणी निम्म्यावर आणलं, तशी वर पिचकारीला जागा झाली. टाकीच्या काठावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा उभा केला, चारी बाजूंनी काचा बसवल्या आणि काचांना एसटीच्या खिडकीला असतं तसलं काळं रबर लावलं. पुढच्या अंगाला किडे सोडण्यापुरती सरकती काच केली. वर टपासारखा पत्रा, पत्र्याखाली बल्ब. हाताला काम मिळालं तशी त्यांची भूकही वाढली, आणि भाजीत मीठ कमी पडतंय हे बऱ्याच दिवसांनी जिभेला कळलं.

काम असं नामी झालं की दुसऱ्या दिवशी आत काहीच दिसेना. सगळ्या काचांवर वाफ! जन्मभर गाडी गळू नये म्हणून झटलेला माणूस. त्यानं थेंब काय, वारासुद्धा आत जायला फट ठेवली नव्हती. रातकिडे ओल्या काचेवरून घसरून पाण्यात पडत होते. त्यात माशानं गरम बल्बलाच किडा समजून धार मारली आणि बल्ब फाटकन फुटला. कुंडलिकरावांनी डोक्याला हात लावला. "थुंक्या, लेका, सरकारी मालमत्ता हाय व्हय ही?" ते म्हणाले आणि माशाचं नाव तेव्हापासून थुंक्या पडलं. स्वतःचंच चांगलं काम कापताना जिवावर आलं, तरी टपाचा पत्रा दोन्ही अंगांना कापून त्यांनी बारीक जाळी बसवली. बल्बच्या जागी गार राहणारी एलईडी पट्टी लावली, तीही काचेच्या पलीकडून.

काचा निवळल्या. डहाळीवर रातकिडा बसला. थुंक्या खाली सरकला, तिरका झाला, थांबला आणि धार सुटली. पहिल्याच नेमात किडा पाण्यात! कुंडलिकराव मोठ्यांदा हसले आणि सांगायला मागं वळले. मागं सोफा होता. त्यांनी सिद्धूला व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, एक अंगठा.

किडे कुठून आणायचे हा रोजचाच प्रश्न होता. शेजारच्या दिग्विजयचं घरामागं मक्याचं रान होतं. तिथले नाकतोडे कुंडलिकरावांनी धरून आणले. थुंक्यानं ते खाल्ले आणि दुपारपर्यंत कुशीवर पडून तडफडायला लागला. कुंडलिकराव धावत दिग्विजयकडे गेले.

"औषध मारलंय का रं मक्याला?"

"कालच फवारणी केलीय तात्या. लष्करी अळी लय झाली. का वो?"

कुंडलिकराव तसेच मागं फिरले. पाणी बदलत राहिले, हवेचा पंप वाढवला, टाकीपुढून हलले नाहीत. थुंक्या वाचला. पण आता नाकतोडा आणायचा कुठून? चहूकडं कालव्याचं पाणी, पाणी तिथं ऊस, मका, भाजीपाला, आणि तिथं फवारणी ही ठरलेली. विचार करता करता त्यांना मोरगावकडची कोरडवाहू रानं आठवली. ज्वारी, बाजरी आणि माळ. औषध मारायला तिथं परवडतं कुणाला? आणि मग आठवली प्रयागबाई.

प्रयागबाई ही तुळसाबाईची धाकटी बहीण. मोरगावच्या अलीकडं रस्त्याकडेच्या वस्तीवर राहायची. नवरा कधीच वारला होता, दोन्ही मुलं हडपसरला कंपनीत. सोबतीला शेरडं. तुळसाबाईच्या पुण्यानुमोदनानंतर कुंडलिकराव तिच्याकडे फिरकले नव्हते. भांडण नव्हतं, काही नव्हतं. बायकोकडची नाती बायकोच सांभाळायची. ती गेल्यावर फोन कुणी करायचा आणि काय म्हणून करायचा, हे त्यांना कळलं नाही, एवढंच.

रविवारी ते एसटीनं वस्तीवर उतरले. पिशवीत भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा होता.

"जयभीम दाजी!" प्रयागबाई हातातली वैरण टाकून पुढं आली. "आज कुणीकडं वाट चुकला?"

"सहज आलो," कुंडलिकराव म्हणाले.

ती इतकी हरखली की त्यांना स्वतःची लाज वाटली. तिनं चूल पेटवली, वांग्याचं कालवण केलं, शेजारणीला हाक मारून सांगितलं, "आमचं दाजी आल्यात." जेवण झाल्यावर 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून ते माळावर गेले आणि वाळल्या गवतात ओणवे होऊन नाकतोडे धरले. परत आल्यावर पिशवी खाटेवर ठेवली, तर आतून टिकटिक सुरू झाली.

"दाजी, पिशवीत काय वाजतंय?"

लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं. प्रयागबाई पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता डोळे पुसले. "किडं खाणारा मासा! अक्का असती तर तुमाला त्या टाकीतच बशिवलं असतं." मग म्हणाली, "तुमचं गुडघं बघा अन् वय बघा. शेरडांमागं मी हिंडतीच की. मीच धरून ठिवीन. तुमी निस्तं येऊन घिऊन जावा."

तेव्हापासून रविवार ठरला. कुंडलिकराव यायचे, प्रयागबाईनं बरणीत नाकतोडे धरून ठेवलेले असायचे. बरणीच्या तोंडाला फडकं. जेवण व्हायचं. शेरडांचं, पोरांचं, तुळसाबाईचं बोलणं व्हायचं, पण थुंक्याचं जास्त. आज किती लांबून मारला, कसा नेम चुकला, हे कुंडलिकराव रंगवून सांगायचे. मग दुपारची गाडी यायची, हात केला की थांबायची. घरी आल्यावर ते सरकती काच उघडून एकेक नाकतोडा डहाळीवर सोडायचे आणि माशाला सांगायचे, कोण धरतंय हे तुझ्यासाठी. आठवड्याचे बाकीचे दिवस मात्र पहिल्यासारखेच जायचे. रविवार ते रविवार तोंडातून शब्द निघायचा तो माशापुढंच.

हिवाळा सरता सरता थुंक्यानं खाणं सोडलं. डहाळीवर नाकतोडा बसायचा, थुंक्या खालून बघायचा आणि नुसता बघतच राहायचा. पाणी बदलून झालं, दुकानदाराला विचारून झालं. "काका, वय झालं त्याचं," दुकानदार म्हणाला. एका सकाळी मासा तळाशी पडलेला होता. आत काचेवर दोन नाकतोडे जिवंत होते. कुंडलिकरावांनी मासा अंगणात पेरूखाली पुरला. सिद्धूला कळवावंसं त्यांना वाटलं नाही.

रविवारी ते पिशवीत डबा टाकून घराबाहेर पडले. स्टँडवर पोहोचल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कशाला निघालोय आपण? फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. तोवर मोरगावची गाडी लागली आणि ते चढले.

प्रयागबाईनं बरणी भरून ठेवली होती. "आज लय घावलं बगा, शेजारनीलाबी संगं न्हेलं हुतं," ती म्हणाली. कुंडलिकराव जेवले. थुंक्या कसा आहे म्हणून तिनं विचारलं, तर 'हाय' म्हणाले आणि तांब्या उचलला. पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"खोटं बोललो. मासा मेला, प्रयागबाई. बुधवारीच गेला."

ती उठली, बरणी अंगणाच्या कडेला नेली, फडकं सोडलं आणि बरणी गवतात आडवी केली. नाकतोडे उड्या मारत गेले. ती तिथंच पाठमोरी उभी राहिली.

"मंग आता तुमचं हिकडं काय काम," ती म्हणाली. विचारल्यासारखं नाही. पीठ संपलं असं सांगावं तसं.

कुंडलिकराव बघत राहिले. इतके रविवार त्यांना वाटत होतं, बाई हौशी आहे, हसते, किडे धरून देते. आपण एकटे आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ही आपल्याआधी किती वर्षं या माळावर एकटी आहे, हे एकदाही मनात आलं नव्हतं. ती रोज गवतात वाकत होती ती माशासाठी नव्हेच. त्यांना स्वतःचा असा राग आला की कानशिलं तापली.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. कंडक्टर आता ओळखीचा झाला होता, गाडी थांबवून त्यानं दारातून हाक दिली, "चला आबा!"

कुंडलिकरावांनी बसल्या जागेवरून हात हलवला. जा म्हणून. गाडी गेली.

"तुमची गाडी गेली की वो," प्रयागबाई वळून म्हणाली. डोळे लाल होते.

"मासा बुधवारी मेला," कुंडलिकराव म्हणाले. "आन आज रविवार हाय. म्या आलोय न्हवं?"